परदेशी यंत्राची किंमत कशी चुकवावी?

दिल्लीतील द्वारका येथे १७ सप्टेंबर २०२३ रोजी ‘यशोभूमी’ या प्रदर्शन व संमेलन केंद्राचे उद्घाटन झाले. अशा केंद्रात परदेशी यंत्र प्रत्यक्ष पाहता येते. परंतु पसंत पडलेले यंत्र दूरदेशीच्या कारखान्यातून यावयाचे असते. मग प्रश्न उद्भवतो: आधी पैसा की आधी माल? सर्व रक्कम आगाऊ दिल्यास सारा धोका ग्राहकाचा. माल पोचल्यावर द्यावयाची ठरल्यास तो विक्रेत्याचा.

हा पेच पतपत्राने, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटने, बऱ्याच अंशी सुटतो. ठरलेली कागदपत्रे मुदतीत सादर केल्यास रक्कम मिळेल, अशी हमी ग्राहकाची बँक विक्रेत्यास देते. यासंबंधीचे नियम पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने प्रथम १९३३ साली प्रसिद्ध केले. त्यांची ‘यूसीपी ६००’ ही आवृत्ती १ जुलै २००७ पासून अंमलात आली.

मात्र बँक कागद तपासते, यंत्र नव्हे. पेटीत सदोष यंत्र असले, तरी कागद बिनचूक असल्यास सामान्यतः रक्कम द्यावीच लागते. म्हणून जहाजाच्या मालपावतीबरोबर त्रयस्थ तपासनिसाचा दाखलाही पतपत्रात मागावा आणि किमतीचा काही भाग यंत्र बसवून चालू होईपर्यंत राखून ठेवावा. आगाऊ रक्कम द्यावीच लागली, तर तिच्या परताव्याची बँक-हमी घ्यावी. विक्रेत्याचे खाते बदलल्याचा ई-मेल आल्यास, पूर्वीपासून ठाऊक असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर खात्री केल्यावाचून पैसे पाठवू नयेत.