घराचा विमा : हप्ता कशावर ठरतो व दर कसे ताडून पाहावेत

पीकविमा आता गावोगावी परिचयाचा झाला आहे; परंतु पीक ज्या घरात येऊन पडते त्या घराच्या विम्याचा विचार अद्याप फारसा होत नाही. मराठवाड्याने याची किंमत मोजलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती व त्यांवरील जड माळवदे कोसळून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. तो भाग त्या वेळी भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात होता. मार्च व जुलै २०२४ मध्ये हिंगोली-नांदेड भागात भूकंपाचे धक्के जाणवले. शिवाय हिमायतनगर तालुक्यातील पैनगंगाकाठच्या गावांना पुराची धास्ती असतेच.

शासकीय मदत मिळते, पण तिला मर्यादा असते. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या निकषांनुसार सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घरास १ लाख २० हजार रुपये साहाय्य होते. एवढ्यात पक्के घर पुन्हा उभे राहणे कठीण, हे सांगावयास नको.

हप्ता कशावर ठरतो?

१ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी सुरू झाली आहे. तिच्यात आग, वीज, भूकंप, पूर, वादळ इत्यादी संकटांचा समावेश आहे. मूळ अटी सर्व कंपन्यांच्या सारख्या आहेत. दर मात्र प्रत्येक कंपनी आपापला ठरविते. हप्ता पुढील गोष्टींवर अवलंबून असतो :

(१) विम्याची रक्कम. घराचे चटई क्षेत्र गुणिले दर चौरस मीटरचा बांधकाम खर्च, हा तिचा हिशेब. जागेची किंमत यात धरावयाची नाही, कारण घर पडले तरी जमीन राहते. ६० चौरस मीटरचे घर व १५ हजार रुपये खर्च धरल्यास रक्कम ९ लाख होते. घरसामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळते.

(२) बांधकामाचा प्रकार. गवत, बांबू वा ताडपत्रीच्या कच्च्या घरास धोका अधिक, म्हणून दरही अधिक पडू शकतो.

(३) जागा. भूकंपाचा पट्टा व पुराचा संभव.

(४) मुदत व जादा संरक्षण. पॉलिसी १० वर्षांपर्यंत घेता येते. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंसाठी जादा हप्ता पडतो.

दर ताडण्याची रीत

केवळ हप्त्याचा आकडा पाहून निर्णय करू नये. समजा, एक कंपनी इमारतीची रक्कम ६ लाख धरून वर्षाला ३०० रुपये मागते व दुसरी ९ लाख धरून ३७८ रुपये. पहिली स्वस्त वाटते. परंतु दर हजारी काढला असता पहिलीचा ५० पैसे व दुसरीचा ४२ पैसे येतो. शिवाय ९ लाखांचे घर पडल्यास पहिलीकडून इमारतीपोटी ६ लाखांहून अधिक मिळणार नाहीत. (हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.) सबब एकच क्षेत्र, एकच बांधकाम खर्च, एकच मुदत व तेच जादा संरक्षण लिहून किमान तीन कंपन्यांकडून कर धरून दर लेखी मागवावेत. गृहकर्जाबरोबर बँकेने सुचविलेला विमाही याच कसोटीला लावावा.

काय भरून मिळत नाही?

जुनेपणाची झीज, तसेच इमारत नेहमीप्रमाणे बसल्याने पडलेल्या भेगा यांची भरपाई मिळत नाही. काळ्या जमिनीवर घर असणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. चोरीची भरपाई विमा असलेल्या संकटानंतरच्या ७ दिवसांत चोरी झाली असेल तरच मिळते. नेहमीच्या घरफोडीसाठी निराळा विमा लागतो. जनावरे व विक्रीचा साठविलेला माल घरसामानात धरला जाईल असे गृहीत धरू नये; कंपनीस आधी विचारून घ्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी कुटुंबांना घराचे माप घेण्यास व ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा काढण्यास मदत करावी. घराची छायाचित्रे व पॉलिसीची एक प्रत घराबाहेर, नातलगाकडे ठेवावी. घर पडल्यावर कागद त्याच ढिगाऱ्याखाली राहिले, तर हक्काची भरपाई मिळवितानाही फार खटपट पडते.