माळ्यावरचा रेडिओ भंगारात घालण्यापूर्वी

रब्बीची मळणी उरकली की घरोघर साफसफाई निघते. माळ्यावरचा पसारा खाली येतो. तुटका पाळणा, गंजलेले कोळपे, आणि त्यातच गोणपाटात गुंडाळलेला आजोबांच्या वेळचा लाकडी पेटीचा रेडिओ, नाहीतर सुटकेससारखा मिटणारा रेकॉर्ड प्लेअर. भंगारवाला दारात उभाच असतो. तो वजनावर घेतो. त्याला लाकूड नको, आवाज नको, आतल्या ट्रान्सफॉर्मरचे तांबे तेवढे हवे असते. शेतकरी बंधूंनो, देऊच नका असे माझे म्हणणे नाही. पण देण्याआधी एवढे वाचून घ्या.

शेतीची माहिती गावात नेण्याचे काम एके काळी याच पेटीने केले. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा गावकरी रेडिओभोवती बसत, अर्धा तास कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर आपसांत चर्चा करत. पुढे ही पद्धत देशभर गेली. आज आम्ही शेतकरी गट बांधतो त्याची एक मुळी तिथे आहे.

म्हणूनच सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना एक वेगळी विनंती. चावडीत किंवा शाळेच्या खोलीत जुना सार्वजनिक रेडिओ, ॲम्प्लिफायर, पितळी तोंडाचा कर्णा पडून असेल तर आधी जडवस्तू नोंदवही उघडा. त्यात नोंद असलेली वस्तू ठराव आणि निर्लेखन झाल्याशिवाय कोणाच्या घरी जाता कामा नये आणि भंगारातही जाता कामा नये. नोंदीवरून संच कधी घेतला हेही कळते. घरच्या रेडिओला पूर्वी परवाना लागे, पोस्टात फी भरावी लागे. १९८०च्या दशकात ते बंद झाले. पेटीत ते परवान्याचे पुस्तक सापडले तर फेकू नका. संच कोणाच्या नावावर, कोणत्या सालचा, सगळे त्यात मिळते.

आता मुख्य गोष्ट. संच सापडला की लगेच प्लग घालून बघायचा मोह होतो. घालू नका. तीस-चाळीस वर्षे पडून राहिलेल्या संचातले कंडेन्सर सुकलेले किंवा गळके झालेले असतात. एकदम पूर्ण वीज गेली की ते तडकतात आणि ट्रान्सफॉर्मरही जळतो. मग मात्र भंगारवाल्याचेच म्हणणे खरे होते. व्हॉल्व्हच्या रेडिओत आत दोनशे-अडीचशे व्होल्ट डीसी खेळत असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये काही काळ टिकून राहतात. काही संच एसी आणि डीसी दोन्हींवर चालणारे होते. त्यांत ट्रान्सफॉर्मरच नसतो, आतला पत्र्याचा सांगाडा थेट लाइनला जोडलेला असतो. प्लग उलटा बसला की सगळा सांगाडा जिवंत. बटणाचे टोपण पडले असेल आणि नुसत्या दांडीला बोट लागले तरी झटका बसतो. पंपाच्या स्टार्टरला ओला हात लावू नका म्हणून आम्ही घसा कोरडा करतो, त्याच्याइतकीच ही बाब गंभीर समजा. मागचा पुठ्ठा काढून चालू रेडिओत हात घालणे हे जाणत्या कारागिराचेच काम.

कारागीर काय करतो? तो आधी सिरीज बोर्डावर संच लावतो. म्हणजे साठ किंवा शंभर वॅटचा तारेचा जुना बल्ब संचाच्या वाटेत जोडतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. बल्ब जळतो, पण संच वाचतो. इथे एलईडीचा बल्ब कामाचा नाही. मग कागदी आणि मोठे फिल्टर कंडेन्सर बदलायचे. मायक्रोफॅरड तेवढेच हवेत. व्होल्ट जास्त चालतील, कमी चालणार नाहीत. नुसती घरघर येत असेल तर बहुतेक वेळा दोष या फिल्टर कंडेन्सरचाच असतो आणि हे सुटे भाग आजही स्वस्त मिळतात. व्हॉल्व्हसाठी मात्र मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याचा पासोड्या विठोबा परिसर अशा ठिकाणी जुन्या साठ्यात चौकशी करावी लागते. तालुक्याच्या गावी जुना रेडिओ दुरुस्त करणारा एखादा म्हातारा कारागीर असेल तर त्याला गाठा, आणि शक्य असेल तर आयटीआय केलेला घरचा पोरगा सोबत न्या. ही विद्या त्या हातांबरोबर चालली आहे.

तुम्ही स्वतः करण्यासारखे कामही भरपूर आहे. पेटीतली धूळ, उंदराचे घरटे, कोळ्याची जाळी मऊ ब्रशने काढा. पेटी सावलीत वाळवा. उन्हात ठेवली तर वरचा पातळ लाकडी थर उचकटतो. वाळवीसाठी शेतातले औषध पेटीत फवारू नका, ती पेटी उद्या घरात राहणार आहे. डायलच्या काचेवर केंद्रांची नावे मागच्या बाजूने रंगाने छापलेली असतात. तिथे ओले फडके फिरवले की नावे फडक्यावर येतात आणि काच कोरी उरते.

रेकॉर्ड प्लेअरचे दुखणे बहुधा साधे असते: रबरी पट्टा किंवा रबरी चाक कडक झालेले, सुई झिजलेली. सुईच्या बाबतीत लोक फसतात. ३३ आणि ४५ च्या रेकॉर्डची खाच बारीक, ७८ ची रुंद. दोन्हींच्या सुया वेगळ्या. बारीक सुई ७८ वर लावली तर ती खाचेच्या तळाला घासत जाते, नुसता खरखराट येतो.

त्या ७८ च्या तबकड्यांशी आपले शेतकऱ्याचे नाते आहे, ते फारसे कोणाला ठाऊक नसते. त्या लाखेच्या असत. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचा किडा जी राळ सोडतो तीच, दगडाची भुकटी मिसळून दाबलेली. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे गाणे. हातातून पडली की काचेसारखी फुटते. आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, तेव्हा ७८ ची तबकडी चुकूनही स्पिरिटने पुसू नका. पुढच्या प्लॅस्टिकच्या रेकॉर्ड साबणाच्या चार थेंबांच्या कोमट पाण्याने धुतल्या तरी चालतात, फक्त मधला कागद भिजवू नका. रेकॉर्ड उभ्या ठेवा. एकावर एक रचून त्यावर धान्याचे पोते ठेवलेलेही मी पाहिले आहे. मग सुई रेकॉर्डवर बैलगाडीसारखी वरखाली होत चालते.

स्टिरिओ असेल तर दोन्ही स्पीकरच्या तारा सारख्या जोडा, तांबडी तांबडीला, काळी काळीला. एक जोड उलटी झाली की ढोलकीचा ठोका पोकळ लागतो. दोन स्पीकर आणि तुम्ही असा तिकोन होईल असे बसा. पत्र्याच्या घरात आवाज फार घुमतो. भिंतीला एक जाड गोधडी टांगून बघा, फरक लगेच कळतो.

रेडिओवर आज काय ऐकणार, असे विचाराल. आकाशवाणीची मध्यम लहरींवरची बरीच प्रक्षेपणे गेल्या काही वर्षांत बंद झाली आणि जुन्या व्हॉल्व्हच्या बहुतेक संचांत एफएम नसते. तरीही रात्री लांबची केंद्रे मध्येच लागतात. त्यासाठी बांबूपासून लिंबाच्या झाडापर्यंत लांब तार ओढा आणि चांगले अर्थिंग द्या. शिवाय बऱ्याच संचांच्या पाठीमागे रेकॉर्ड प्लेअर जोडण्यासाठी दोन भोके असतात. तिथून मोबाइलवरची गाणीही त्या मोठ्या स्पीकरवर वाजतात. मात्र वर सांगितलेल्या एसी-डीसी संचाला मोबाइल थेट जोडू नका, हातातल्या मोबाइलमध्ये लाइनची वीज उतरेल. कारागिराला विचारून, मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालूनच जोडा. आणि वळवाचे ढग गडगडू लागले, की बाहेरची तार काढून ठेवायला विसरू नका.