बेस गिटारचे तडकलेले धड आणि कोकणची हवा

विजेवर चालणाऱ्या बेस गिटारचे धड सहसा भरीव लाकडाचे असते, आणि या एका गोष्टीमुळे त्याला गेलेल्या तड्याचा विचार सतारीच्या किंवा तंबोऱ्याच्या तड्याहून वेगळ्या रीतीने करावा लागतो. मिरजेत घडणाऱ्या आणि २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या तंबोऱ्यात भोपळ्याची पोकळीच नाद वाढवते, त्यामुळे भोपळा तडकला की नादालाच धक्का बसतो. बेस गिटारमध्ये तारांचे कंपन टिपण्याचे काम पिकअप करतो. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती तांब्याच्या, केसाएवढ्या बारीक तारेचे हजारो वेढे दिलेला भाग, ज्यात पोलादी तारेच्या हालचालीने विद्युत संकेत निर्माण होतो. धडाकडे मुख्यतः भार पेलण्याची जबाबदारी उरते. चार जाड तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० ते ८० किलो वजनाइतका असतो आणि तो मान व घोडी यांना अहोरात्र एकमेकींकडे ओढत राहतो. म्हणून तडा किती लांब आहे यापेक्षा तो या ओढीच्या वाटेत आहे की नाही, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला, तेव्हा त्याचे धड ॲश या समशीतोष्ण प्रदेशातील झाडाच्या लाकडाचे होते, आणि पुढे काही वर्षांतच त्याची जागा बहुतांशी आल्डर या हलक्या लाकडाने घेतली. ही लाकडे ज्या हवेत वाढतात आणि मुरतात ती हवा आणि कोकणातल्या पनवेल-उरण परिसराची हवा यांत फार मोठे अंतर आहे. पावसाळ्यात इथली सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाच्या तुलनेत प्रत्यक्षात असलेले बाष्प, अनेक दिवस ८५ टक्क्यांच्या वर राहते, आणि हिवाळ्यात जमिनीकडून कोरडे वारे वाहू लागले की दुपारच्या वेळी ती बरीच खाली येते.

लाकूड या चढउताराला गप्प राहून तोंड देत नाही. ते हवेतील बाष्प शोषून फुगते आणि सोडून आकसते, शिवाय हे फुगणे-आकसणे सर्व दिशांना सारखे नसते: खोडाच्या उभ्या दिशेने ते नगण्य असते, मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने बेताचे असते आणि वाढीच्या वलयांच्या कडेकडेने त्याच्या साधारण दीडपट ते दुप्पट असते. ॲशच्या सुमारे ३३ सेंटीमीटर रुंद धडातील आर्द्रांश चार टक्क्यांनी जरी बदलला आणि फळी वलयांना समांतर कापलेली असली, तरी रुंदीत तीन मिलिमीटरच्या आसपास फरक पडू शकतो. रंगाचा जाड थर बाष्प शोषण्या-सोडण्याचा वेग कमी करतो, पण स्क्रूच्या भोकांतून आणि मान जिथे बसते त्या उघड्या खाचेतून बाष्प आत शिरतेच. धड दोन-तीन फळ्या जोडून केलेले असेल तर जोडावर, आणि भोक न पाडता जबरीने पिळलेल्या स्क्रूपाशी, हा ताण तड्याच्या रूपाने बाहेर पडतो. खाऱ्या हवेत गंजून घट्ट बसलेला स्क्रू उलटा पिळतानाही लाकूड फाटते, हे किनाऱ्यावर वाद्य वापरणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

प्रत्येक रेघ मात्र तडा नसते. मानेच्या खाचेच्या कोपऱ्यात दिसणारी केसाएवढी रेघ पुष्कळदा केवळ कडक पॉलिएस्टर रंगाची असते आणि तिला हात न लावणेच शहाणपणाचे ठरते. तारा सैल करून मानेला हलकासा झोल दिला असता रेघ उघडझाप करते का आणि बॅटरीचा झोत आडवा धरला असता तिच्या दोन्ही कडा एकाच पातळीत दिसतात का, एवढे तपासले तरी बहुतेक वेळा निदान होते. घोडीखालून निघून लाकडाच्या रेषेने पुढे सरकलेला किंवा खाचेच्या भिंतीतून आरपार गेलेला तडा मात्र ताबडतोब दुरुस्तीला घ्यावा, कारण तारांचा ताण त्याला रोज थोडा थोडा वाढवत असतो.

दुरुस्तीत सर्वांत जास्त नुकसान लांबी (पुट्टी) भरण्याच्या घाईने होते. लांबी किंवा भुसा कालवलेले फेव्हिकॉल फटीत कोंबले की रेघ दिसेनाशी होते, पण तंतूंना तंतू जुळत नाहीत, आणि पुढे खरी दुरुस्ती करणाऱ्याला तो सगळा थर आधी खरवडून काढावा लागतो. योग्य पद्धतीत तारा, मान, घोडी आणि पिकअप उतरवून धड कोरड्या खोलीत काही आठवडे राहू दिले जाते. कोकणात या मुक्कामाला फार महत्त्व आहे, कारण हिवाळ्यात उघडलेली चीर पावसाळ्यात आपोआप मिटल्यासारखी दिसते आणि त्या फुगलेल्या अवस्थेत चिकटवलेले लाकूड पुढच्या कोरड्या हंगामात पुन्हा ओढ खाते. म्हणून घाई नसेल तर हे काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर करावे.

त्यानंतर पातळ पाचरीने चीर अगदी किंचित उघडून आतली धूळ आणि जुने मेण काढले जाते, आणि सरस लावण्यापूर्वी शिकंजे कोरडेच आवळून फट पूर्ण मिटते की नाही हे पाहिले जाते. कोरडी मिटली नाही तर ओल्या सरसाने ती मिटेल अशी आशा धरू नये. लाकूडकामाचा पिवळा सरस पातळ पात्याने किंवा सुईच्या पिचकारीने आत ढकलून, फट आळीपाळीने दाबत-सोडत तो खालपर्यंत पोचवावा लागतो. शिकंजा लाकडाच्या तुकड्यांच्या आधाराने बेताने आवळला की चिरेच्या पूर्ण लांबीवर सरसाचे बारीक मणी उमटतात, आणि सरस सगळीकडे पोचल्याची ती खूण असते. एखाद्या टप्प्यावर मणी दिसले नाहीत, तर तेथे सरस कमी पडला असे समजून शिकंजा सोडून काम पुन्हा करावे. बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने पुसून धड पूर्ण एक दिवस हलवू नये. रेषेच्या दिशेने नीट बसलेला असा जोड भोवतालच्या लाकडापेक्षा मजबूत असतो, त्यामुळे त्यात खिळे ठोकणे निरर्थक आणि घातक दोन्ही आहे.

लाकडाचा तुकडाच हरवला असेल, तर त्याच जातीच्या लाकडाची बारीक चीप रेषा जुळवून बसवावी. कडा चुरगळून पोकळी राहत असेल तेवढ्यापुरताच इपॉक्सी वापरावा, कारण तो पोकळी भरतो पण नंतर सहज सोडवता येत नाही. सैल झालेल्या स्क्रूच्या भोकात सागाची किंवा शिसवाची खुंटी सरसासह ठोकून तीत नवे, स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडले जाते. वरचा रंग जुळवणे हे वेगळे आणि वेळखाऊ काम आहे, आणि वाजवण्यासाठी ते आवश्यक नाही. तारा चढवताना मात्र चारही तारा हळूहळू, एकाआड एक ताणाव्यात आणि दुसऱ्या दिवशी चिरेची जागा पुन्हा झोतात पाहावी.

हीच पद्धत हळदी-लग्नांत वाजणाऱ्या इलेक्ट्रिक बेंजोच्या लाकडी पेटीलाही लागू पडते, कारण तिच्यातही तारांचा ताण लाकडावर आणि आवाजाचा भार पिकअपवर असतो. बेस गिटारच्या धडात मानेच्या खाचेच्या दोन्ही भिंती फुटून गेल्या असतील, तर मात्र जुने धड जोडत बसण्यापेक्षा नवे करून घेणे श्रेयस्कर ठरते. अशा वेळी परदेशी लाकूड शोधण्याची गरज नसते. महाराष्ट्राच्या जंगलांत वाढणारे शिवणीचे लाकूड हलके असते, मुरल्यावर फारसे वाकत-पिळत नाही आणि आपल्याकडे वाद्यांसाठी पूर्वापार वापरात आहे. ते पुरते वाळलेले असावे आणि धड कोरण्यापूर्वी फळी एक संपूर्ण पावसाळा ज्या गावी वाद्य राहणार त्याच गावी ठेवलेली असावी.