पुण्यातले सूत्र, जिरायतीतली ज्वारी

बारामती : नीरा डावा कालवा पोहोचतो तेथे ऊस आणि पोहोचत नाही तेथे ज्वारी, अशी बारामती व इंदापूर तालुक्यांची ढोबळ विभागणी आहे. सुपे-मोरगावकडची रब्बी ज्वारी जमिनीतील ओलीवरच उभी असते. दाणा भरताना ओल संपली, की पाने करपतात आणि कणीस पोचट राहते. त्या दिवसांतही पाने हिरवी राखणारी जनुके काही वाणांत आढळली आहेत. ती दुसऱ्या वाणात आणायची, तर गुणसूत्रावरील त्यांची जागा ठाऊक हवी. ती मोजण्याचे जगभर वापरले जाणारे एक सूत्र दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे आहे.

महाराष्ट्र त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो. पेशाने ते गणितज्ञ. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना, १९४४ मध्ये, त्यांचा अवघा चार पानांचा निबंध ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डीएनएची रचना उलगडण्यास तेव्हा नऊ वर्षे अवकाश होता!

प्रश्न असा होता. पुढच्या पिढीत जाताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुके जितकी दूर, तितकी त्यांची ताटातूट अधिक. मात्र दोघांच्या मध्ये दोनदा अदलाबदल झाली, तर ती पुन्हा एकत्र येतात आणि ताटातूट मोजणीत दिसतच नाही. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये यासाठी सूत्र दिले. पण त्यात प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र मानली होती. प्रत्यक्षात एक अदलाबदल जवळच्या दुसरीला अटकाव करते. हा अटकाव अंतर वाढेल तसा ओसरतो, हे कोसंबींनी गणितात बसविले. शंभरात तीस संततींत ताटातूट दिसली, तर हाल्डेन यांच्या हिशेबाने अंतर सुमारे ४५.८ एकके येते, कोसंबींच्या हिशेबाने ३४.७. अंतर अगदी कमी असेल, तर दोघांची उत्तरे जवळजवळ सारखीच येतात.

हा फरक किरकोळ नव्हे. पैदासकार कोवळ्या रोपाच्या पानातून जनुकाजवळची खूण तपासतात. दुष्काळी वर्षाची वाट पाहावी लागत नाही. खूण दोन एककांवर असेल, तर शंभरात सुमारे दोन रोपे फसवी निघतात. वीस एककांवर असेल, तर एकोणीस. नकाशा चुकला, की हंगाम वाया जातात.

पिकांवरील दुष्काळ, क्षार आणि उष्णतेच्या ताणाचा अभ्यास करणारी भारतीय कृषी संशोधन परिषदेची राष्ट्रीय संस्था २००९ मध्ये बारामतीजवळच्या माळेगाव खुर्द येथे स्थापन झाली. कोसंबी १९४५ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले, १९६२ पर्यंत तेथे राहिले आणि १९६६ मध्ये निवर्तले. जनुकीय नकाशे काढणाऱ्या संगणकीय प्रणालींत आजही ‘कोसंबी’ हा पर्याय नावानिशी दिलेला असतो.