दुसऱ्याचं गाणं, आपला व्हिडिओ : परवानगी नेमकी कोणाची घ्यायची?



समजा, तुमचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. दिवाळीच्या तोंडावर तुम्ही एक मिनिटाचा छान व्हिडिओ बनवला, मागे एक गाजलेलं मराठी गाणं टाकलं आणि अपलोड केला. दोन दिवस ऑर्डरी आल्या. तिसऱ्या दिवशी व्हिडिओचा आवाज बंद, किंवा अख्खा व्हिडिओच गायब! तोही ऐन सीझनमध्ये.

ट्रेनिंगमध्ये हा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : "सर, दहाच सेकंद वापरलं तर चालतं ना?" उत्तर सरळ आहे. नाही चालत. पण नुसतं "नाही" ऐकून उपयोग नाही. नियम समजून घेतला, तर काय चालतं तेही कळतं.

एक गाणं, सातबाऱ्यावर तीन नावं

ज्या जमिनीच्या सातबाऱ्यावर तीन नावं आहेत, ती एकाच्या सहीने विकत घेता येते का? गाण्याचंही तसंच आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या कायद्यात, एका गाण्यात तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत :

१. शब्द – मूळ हक्क गीतकाराचा.
२. चाल – मूळ हक्क संगीतकाराचा.
३. रेकॉर्डिंग – ते करून घेणाऱ्या निर्मात्याचं, म्हणजे बहुतेक वेळा म्युझिक कंपनीचं.

याशिवाय गायक-वादकांना त्यांच्या सादरीकरणाचे वेगळे हक्क आहेतच. शब्द आणि चालीचे हक्क पुढे कंपनीला दिलेले असू शकतात, त्यामुळे आज मालक कोण हे विचारावं लागतं. म्हणूनच "गायक माझ्या ओळखीचा आहे, तो हो म्हणाला" एवढ्यावर काम भागत नाही.

मुदत कशी मोजायची?

शब्द आणि चाल यांचा कॉपीराइट कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. रेकॉर्डिंगचा, ते प्रकाशित झाल्यापासून ६० वर्षे. दोन्हीकडे मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून सुरू होते. आता उदाहरणं बघा.

*तुकोबांचे अभंग* : शब्द सतराव्या शतकातले, सगळ्यांसाठी खुले. पण 'अभंग तुकयाचे' या लता मंगेशकरांच्या ध्वनिमुद्रिकेतल्या चाली श्रीनिवास खळे यांच्या. खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे त्या चालींचा कॉपीराइट २०७१ अखेरपर्यंत. तुम्ही तोच अभंग स्वतःच्या नव्या चालीत गायलात, तर कोणाला विचारायची गरज नाही. खळ्यांच्या चालीत गायलात, तर परवानगी हवी.

*गीतरामायण* : गदिमा १९७७ मध्ये गेले, सुधीर फडके २००२ मध्ये. म्हणून शब्दांचा कॉपीराइट २०३७ अखेरपर्यंत, चालींचा २०६२ अखेरपर्यंत. "इतकं जुनं आहे, आता सगळ्यांचंच झालं" असं समजू नका.

*'सौभद्र' मधली नाट्यपदं* : अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, त्यामुळे त्यांचे शब्द कधीच खुले झालेत. पण आजच्या गायकाने गायलेलं त्यातल्या पदाचं रेकॉर्डिंग खुलं नाही. पद वापरा, पण आवाज तुमचा किंवा तुम्ही करून घेतलेला हवा.

हे गैरसमज आजच काढून टाका

*"डिस्क्रिप्शनमध्ये क्रेडिट दिलंय."* क्रेडिट म्हणजे परवानगी नव्हे. शेजाऱ्याची गाडी न विचारता नेली आणि काचेवर त्याचं नाव लिहिलं, तरी गाडी त्याचीच राहते.

*"अमुक सेकंदांपर्यंत फ्री आहे."* कायद्यात असा सेकंदांचा कुठलाही आकडा नाही. खासगी वापर, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन अशा कामांसाठी सूट आहे. मालाची जाहिरात त्यात बसत नाही.

*"ॲपवर पैसे भरून गाणं घेतलंय."* ते ऐकण्यासाठी घेतलंय, जाहिरातीला लावण्यासाठी नाही.

*"लग्नात गाणी वाजवायला सूट आहे."* बरोबर. लग्न आणि वरातीत गाणी वाजवायला कायद्यात सूट आहे. पण वेडिंग व्हिडिओचा व्यवसाय करणाऱ्यांनो, लक्षात घ्या : ही सूट त्या समारंभापुरती आहे. तेच गाणं एडिटिंगमध्ये टाकून फिल्म चॅनलवर चढवणं ही वेगळी गोष्ट आहे.

कव्हर करायचं असेल तर

"मी स्वतः गायलंय, मग?" तर रेकॉर्डिंगचा प्रश्न सुटला, शब्द आणि चालीचा शिल्लक राहिला. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३१-सी मध्ये कव्हरसाठी कायदेशीर वाट आहे, पण अटी कडक आहेत. मूळ रेकॉर्डिंग झालं त्या वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षे थांबायचं, मालकाला आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची. तीही दर वर्षी किमान ५०,००० प्रतींच्या हिशोबाने. शब्द-चालीत मनाने बदल करायचे नाहीत आणि हे कव्हर आहे असं स्पष्ट लिहायचं. शिवाय ही वाट ध्वनिमुद्रणासाठी आहे. गाणं चित्राला जोडायचं असेल, तर मालकाशी वेगळं बोलावं लागतं.

छोट्या उद्योजकाला हे परवडणारं नाही, हे मान्य. म्हणून पुढचा भाग नीट वाचा.

क्लेम आणि स्ट्राइक यात फरक आहे

यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा गाणं आपोआप ओळखते. त्यावर *क्लेम* आला, तर जाहिरातीचं उत्पन्न मालकाकडे जाऊ शकतं किंवा व्हिडिओ अडवला जाऊ शकतो. चॅनल मात्र सुरक्षित राहतं. *स्ट्राइक* म्हणजे मालकाने कायदेशीर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावला. ९० दिवसांत असे तीन स्ट्राइक आले, तर चॅनल बंद होऊ शकतं. वर्षानुवर्षं जमवलेले ग्राहक एका फटक्यात हातचे जातात.

कोर्टाची बाजू त्याहून गंभीर. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. धंद्याच्या फायद्यासाठी केलं नसेल, तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं. तुमचा व्हिडिओ तर धंद्यासाठीच आहे!

मग करायचं काय? तीन वाटा

१. फुकट, पण कायदेशीर. यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी वापरा. काही ट्रॅकना क्रेडिट देणं बंधनकारक असतं, ते वाचून घ्या. क्रिएटिव्ह कॉमन्सचं संगीत घेत असाल, तर 'व्यावसायिक वापर नको' किंवा 'बदल नको' अशी अट असलेले ट्रॅक टाळा. संगीत व्हिडिओला जोडणं हाही बदलच धरला जातो. इन्स्टाग्रामवर ट्रेंडिंग गाणं दिसतंय म्हणून ते जाहिरातीलाही चालेल, असं गृहीत धरू नका.

२. लायसन्स विकत घ्या. घेताना 'व्यावसायिक जाहिरातीसाठी' हे शब्द त्यात आहेत का, ते बघा आणि पावती जपून ठेवा.

३. स्वतःची जिंगल करून घ्या. माझ्या मते सगळ्यात फायद्याची वाट हीच. गावातला एखादा होतकरू संगीतकार शोधा, वीस सेकंदांची धून बनवून घ्या, तीच तुमच्या ब्रँडची ओळख होईल.

पण इथेच बरेच जण फसतात. पैसे दिले म्हणजे धून आपली झाली, असं नाही! संगीतकार तुमचा पगारी नोकर नसेल, तर लेखी करार होईपर्यंत चालीचे हक्क त्याचेच राहतात. करार लेखी आणि सहीचा हवा. त्यात कोणती धून, कोणते हक्क, किती वर्षे, कोणत्या देशांत आणि मोबदला किती, हे स्पष्ट लिहा. मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नाही, तर फक्त भारत धरतो. उद्या तुमचे मसाले दुबईला जायला लागले, तर ही एक ओळ महागात पडेल. शब्द दुसऱ्याने लिहिले असतील तर त्याच्याशी, आणि गायक वेगळा असेल तर त्याच्याशीही करार करा.

आजचा गृहपाठ

तुमच्या चॅनलवरचे सगळे व्हिडिओ एका वहीत उतरवा. प्रत्येकासमोर तीन रकाने आखा : शब्द, चाल, रेकॉर्डिंग. ज्याची परवानगी कागदावर आहे, तिथे बरोबरची खूण करा. रकाना रिकामा राहिला, तर त्या व्हिडिओचं संगीत याच आठवड्यात बदला. मोठा व्यवहार असेल तर वकिलाचा सल्ला जरूर घ्या.

आपल्या मसाल्याची रेसिपी कोणी उचलली तर आपल्याला किती लागतं? संगीतकाराची चाल म्हणजे त्याची रेसिपीच. ती विचारून घ्या, मोबदला द्या आणि मग बिनधास्त धंदा करा.