जंतू मेले, तरी नस का दुखते?

दादरा-नगर हवेलीत 2015 पासून कुष्ठरुग्णांच्या सहवासातल्या माणसांना रिफाम्पिसिन या प्रतिजैविकाचा एकच प्रतिबंधक डोस देण्याचा प्रकल्प राबवला गेला. पण कुष्ठरोग झालाच, तर नसांचं मोठं नुकसान पुष्कळदा जंतूंपेक्षा आपल्याच टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, करतात. त्यांना आवर घालायला शरीरात नियामक टी पेशी असतात (2025चं वैद्यकाचं नोबेल त्यांच्याच शोधाला मिळालं). शिवाय सीटीएलए-4, पीडी-1 या प्रथिनांचे ब्रेक टी पेशींवरच बसवलेले असतात. हा आवर असूनही टी पेशी उसळल्या की ‘रिॲक्शन’ येते: जुना चट्टा लाल होऊन फुगतो, कोपरामागची नस ठणकते, करंगळी वाकू लागते. उपचार चालू असताना, संपल्यावरही हे होतं, कारण मेलेल्या जंतूंचे अवशेषही टी पेशींना चिथावतात. गोळ्या बाधल्या असं समजून रुग्ण त्या सोडतात, तिथेच घात होतो. एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगावरची ही बहुऔषधी उपचारपद्धती, चालूच ठेवायची आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घ्यायचं. त्याने टी पेशींचा जोर ओसरतो. नस दुखू लागताच दवाखाना गाठला तर हात वाचू शकतो. महिनोन्‌महिने गेले की बधिरपणा बहुधा कायमचा.