गोदावरीच्या खोऱ्यातली द्राक्षं, वाईन आणि नावाची किंमत



परिसर अभ्यासाच्या तासाला गोदावरी नदी शिकवत होते. ब्रह्मगिरीवर उगम, मग नाशिक, पुढे आपल्या बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते, असं सांगत असताना फळ्यावर ‘नाशिकची द्राक्षे’ लिहिलं. लगेच एका मुलाने विचारलं, “मॅडम, तिथं द्राक्षाची दारू पण करतात ना?” वर्ग हसला. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र हसली नाही. दारूचा त्रास काय असतो, हे आपल्या वर्गातल्या काही लेकरांना पुस्तकाआधीच कळलेलं असतं. म्हणून प्रश्न टाळायचा नाही आणि कौतुकही करायचं नाही, असं ठरवून दुसऱ्या दिवशी मी हा पाठ घेतला.

द्राक्षं नाशिकलाच का?

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री गारवा असतो. उन्हामुळे द्राक्षात साखर भरते, तर गार रात्रींमुळे आंबटपणा टिकतो. दिंडोरी, निफाड भागातले शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. युरोपात द्राक्षं साधारण शरद ऋतूत काढतात. आपल्याकडे वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते. वाईनची द्राक्षं आपण खातो त्यांच्यापेक्षा वेगळी असतात. ती लहान, बियांची आणि जाड सालीची असतात. शिराझ, शेनिन ब्लाँ ही त्यांची नावं.

वाईन होते कशी?

आपल्या घरात आंबील होते, इडलीचं पीठ फुगतं, तीच आंबण्याची क्रिया इथेही घडते. यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव रसातली साखर खातात. त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. रस सालीसकट आंबवला तर लाल वाईन, साली आधीच काढल्या तर पांढरी. म्हणजे लाल रंग येतो तो सालीचा.

वर्गात हे दाखवणं सोपं आहे. बाटलीत कोमट पाणी, दोन चमचे साखर आणि थोडं यीस्ट घालून तोंडाला फुगा लावा. थोड्या वेळात फुगा फुगू लागतो. मिश्रण चाखायचं नाही, हे आधीच बजावून ठेवा. प्रयोग झाल्यावर ते ओतून द्या.

परंपरा जुनी की नवी?

पोर्तुगालमध्ये डोरो नावाच्या नदीचं खोरं आहे. तिथल्या वाईनमध्ये भेसळ वाढली, नाव खराब झालं. म्हणून १७५६ मध्ये सरकारने त्या प्रदेशाची हद्द आखून नियम घातले. आपल्याकडचा हा उद्योग त्यामानाने कालचा. १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यात नारायणगावला मोठी सुरुवात झाली. नाशिकजवळ सुला १९९९ मध्ये उभी राहिली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि विंचूर इथे वाईन पार्क झाला.

‘नाशिक व्हॅली वाईन’ला २०१०-११ मध्ये भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय मिळालं. याचा अर्थ हे नाव कुणीही, कुठल्याही मालावर चिकटवू शकत नाही. माल त्याच भागातला आणि ठरलेल्या गुणांचाच हवा. शिवाय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम वेगळे. अल्कोहोलचं प्रमाण बाटलीवर छापावं लागतं आणि आरोग्याचा इशाराही द्यावा लागतो.

मग वाईन चांगली का?

मुलांनी हेच विचारलं. मी सरळ सांगितलं, “वाईनमध्ये अल्कोहोल असतं, म्हणून ती दारूच. दर्जाचा शिक्का म्हणजे भेसळ नाही याची खात्री. प्यायला चांगली असल्याचं ते सर्टिफिकेट नाही.” मागच्या बाकावरच्या मुलीने तेव्हा मान वर केली.

मग प्रश्न आला, “आपल्याकडं असं काही आहे का?” आहे ना! बीडच्या सीताफळालाही भौगोलिक मानांकन आहे. बालाघाटाच्या माळावरचं, कमी पाण्यावर येणारं हे फळ. पण आपल्या बाजारात टोपलीवर तसं नाव कुणी लिहिलेलं पाहिलंय? मुलं गप्प झाली. नावाला भाव नुसत्या कागदाने येत नाही. त्यासाठी निवड, प्रतवारी, पॅकिंग आणि मुख्य म्हणजे एकी लागते. नाशिकच्या शेतकऱ्याकडून शिकायचं ते हे.

गृहपाठ दिला आहे : घरच्या मोठ्यांना विचारून आपल्या गावची खासियत असलेली एक वस्तू लिहा, आणि ती खरी कशी ओळखायची याचे तीन नियम तयार करा. पालकहो, या निमित्ताने लेकरांशी दारूबद्दलही मोकळेपणाने बोला. आपण टाळलं तर त्यांना उत्तर दुसरीकडून मिळेल.